बिननावाची कमेंट

पाचवीच्या वर्गाचा ब्लॉग काढायचा म्हणून संघप्रिया मॅडमनी चार साइट पालथ्या घातल्या आणि मुद्दाम अशी निवडली, की कुणालाही लॉगिन न करता, नाव न टाकता लेकरांना शाबासकी देता यावी.

पहिल्याच आठवड्यात दुर्गाच्या फोटोसह टाकलेल्या 'माझी शेळी' या लेखाखाली कुणीतरी लिहिलं, "तुझे केस कोण विंचरतं गं?" दुसऱ्या दिवशी आलं, "निळ्या झग्यात लई गोड दिसतीस." तिसऱ्या दिवशीची कमेंट मात्र मॅडमनी दोनदा वाचली.

"चुलती रानात गेल्यावर घरी एकटीच असतीस का?"

त्यांनी लगेच सगळ्या कमेंट पुसल्या आणि ब्लॉगला पासवर्ड लावून टाकला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही शाळा सुटल्यावर त्या दुर्गाला सास्तूरच्या रस्त्यानं थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत सोडून आल्या. पोर घाबरेल म्हणून कारण सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुर्गाच टेबलापाशी येऊन उभी राहिली.



"मॅडम, ऊसतोडीला गेलेली माझी आई मुकादमाच्या फोनवरनं मला रोज कायतरी लिहायची. दोन दिस झालं, तिचं कायच येईना."