उरलेल्या गोळ्या

सून रोज पाण्याची बाटली भरलेलीच घरी परत आणते, याचा कोंडाबाईंना भारी राग होता. अनुसया एसटीत कंडक्टर. स्टँडवरच्या घाणेरड्या संडासात जायला नको म्हणून दिवसभर पाण्याचा घोटही घेत नसे. दोनदा लघवीला जळजळ झाली, दोन्हीदा कोंडाबाईंनी याच दुखण्यावरच्या, डब्यात जपलेल्या आपल्या उरलेल्या गोळ्यांतल्या दोन-दोन दिल्या. "डॉक्टर तरी वेगळं काय देणार?"

आज मात्र अनुसया तापानं फणफणली. घरच्या संडासात बसवलेल्या यंत्रानं तिच्या लघवीतल्या जंतूंची जनुकं वाचली आणि घरभर ऐकू जाईल असं सांगितलं, "हा जंतू मूत्राशयाला घट्ट चिकटणारा आहे. पहिल्या वेळी गोळ्या पुरत्या घेतल्या असत्या तर तो मेला असता. अर्धवट औषधात तगलेलेच वाढले. आता ती गोळी लागू पडणार नाही. ताबडतोब दवाखान्यात जा."

"जाऊ द्या आत्या, यंत्राला काय कळतंय," अनुसया कुडकुडत म्हणाली.

कोंडाबाईंनी डबा कचऱ्यात उपडा केला, सुनेच्या अंगावर आपली शाल घातली.

"त्याला कळतंय. चुकले मी, आणि हे एकदाच सांगतेय. औषध शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायचं. आणि पुन्हा भरलेली बाटली आणलीस, तर स्टँडवर धड संडास बांधून होईपर्यंत तुझ्या डेपो मॅनेजरच्या केबिनमध्ये मी ठाण मांडून बसेन!"