स्टिअरिंगचं झाकण

मोबाईलवर अक्षरं उमटली: चालकाची एअरबॅग, जोडणी तुटलेली.

"बघ, सापडलं," तो बायकोला म्हणाला. स्टिअरिंगखाली खोचलेला स्कॅनर बोटभर, पण याचा रुबाब सर्जनचा. "एखादी वायर सैल झाली असणार. एवढ्यासाठी गॅरेजवाल्याकडे जायचं म्हणजे शिंक आली म्हणून इस्पितळात भरती व्हायचं."

"मागे मिक्सर असाच उघडला होतास," बायको टॉर्च धरत म्हणाली. "जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले."

शेजारच्या सीटवर बसलेली मुलगी हसली. लायसन्स हाती आल्यापासून ती रोज हीच गाडी हायवेने कॉलेजला नेत होती. आज वाटेत डॅशबोर्डवर दिवा लागला, तो काही विझेना. गाडी मूळची तिच्या मोठ्या काकांची. त्यांनी नवी घेतली तेव्हा ही धाकट्या भावाला दिली. डोळे झाकून घे म्हणाले, आणि यानं घेतली. सख्ख्या भावाच्या गाडीत कोण वाकून बघतो?

त्यानं बॅटरीची वायर काढली, शहाण्यासारखा थोडा वेळ थांबला, मग स्टिअरिंगच्या मागचे स्क्रू सोडवले. मधलं झाकण जपून ओढलं. खरं तर ते एअरबॅगसकट जड यायला हवं. ते आलं डब्याच्या झाकणासारखं, नुसतंच.

बायकोनं आत टॉर्च मारला. आत घडी करून कोंबलेला स्पंज. एअरबॅग नव्हतीच. तिच्या पिवळ्या प्लगला कुणीतरी मण्याएवढा रेझिस्टर चिकटपट्टीनं बांधला होता, एअरबॅग जागेवर आहे असं गाडीला वाटावं आणि दिवा लागू नये म्हणून. पट्टी सुटली होती, एवढंच.

गाडी कधीतरी जबर आपटली होती आणि एअरबॅग तेव्हाच फुटून गेली होती, हे कळायला आता स्कॅनर लागत नव्हता. तो उघड्या दारापाशी जमिनीवर बसला. पोर रोज या स्पंजच्या भरवशावर ट्रकांमधून जात होती.

मुलीचं हसू केव्हाच मावळलं होतं.

"भावोजींना ठाऊक नसेल," बायको कशीबशी म्हणाली. "त्यांनाही गॅरेजवाल्यानं फसवलं असेल."

त्यालाही तेच ऐकायचं होतं. त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"दादा, गाडीत एअरबॅगचा दिवा लागलाय."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"तू आत उघडून नाही ना बघितलंस?" दादांनी विचारलं.