पाचवा नंबर

द्राक्षांचा हंगाम संपला आणि दिंडोरीजवळच्या पॅकहाऊसमध्ये कामाचा आढावा सुरू झाला. नव्यानेच मॅनेजर झालेल्या वेदिकाला बायकांमधून एक सुपरवायझर निवडायची होती. ज्याला विचारावं तो एकच नाव सांगत होता, पेठकडच्या चिमणाबाईंचं. द्राक्षांचे डबे भरण्यात त्या सलग तीन वर्षं पहिल्या आल्या होत्या. यंदाच्या यादीत मात्र त्या पाचव्या होत्या.

वेदिकाने त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि जरा अवघडूनच विचारलं, "चिमणाबाई, तब्येत बरी नव्हती का यंदा?"

"बरी व्हती की."

"मग असं कसं झालं? चौघी तुमच्या पुढे गेल्या."

"कोन कोन हायेत, वाचा ना मॅडम."

वेदिकाने नावं वाचली. तृप्ती, हौसा, यमुना, कमळ. एकेका नावागणिक चिमणाबाईंचा चेहरा खुलत गेला.

"जानेवारीत आल्या तवा या पोरींना घडाला कात्री कशी लावायची तेबी ठावं नव्हतं. रोज माझं काम थांबवून शिकवलं त्यांना."

"अहो, पण त्या नादात तुमचा पहिला नंबर गेला!"

"गेला कुठं मॅडम?" चिमणाबाई ताठ बसून म्हणाल्या. "पहिल्या चारी नंबरांवर माझाच हात हाय."

वेदिकाने यादी बाजूला ठेवली आणि सुपरवायझर म्हणून पाचव्या नंबरचं नाव लिहिलं.