वीसपर्यंत

"हात न टेकता खुर्चीतून रोज वीसदा उठा, पायांत बळ राहील," डॉक्टरीणबाईंनी म्हाताऱ्या शिंप्याला बजावलं होतं. अख्खा जन्म मशीनवर वाकण्यात गेलेला. आता कुठे त्याला टेकायला मिळत होतं. म्हणून तो पेपर उघडून बसल्याजागीच मोठ्याने आकडे म्हणायचा, स्वयंपाकघरात बायकोला ऐकू जावेत असे. पंधरानंतर कण्हायचासुद्धा! आज ती न्हाणीघरात घसरली. तिला उचलायला तो वाकला आणि गुडघ्यांनीच दगा दिला. तोही शेजारी ओल्या फरशीवर बसला. "लागलं का गं?" "नाही हो. पण उठवत नाही." तो ओशाळला. "मी रोज खोटंच मोजत होतो." "ठाऊक आहे. आपली खुर्ची उठताना कुरकुरते. तीन महिन्यांत एकदाही कुरकुरली नाही." "मग बोलली का नाहीस?" "दमला होतात. म्हटलं, बसू देत." त्याने दाराची चौकट धरली. "एक," ती म्हणाली.