ऑर्किडचा पत्ता

टेकडीमागच्या ओढ्याकाठी तिला जमिनीत उगवणारं एक दुर्मीळ ऑर्किड सापडलं. निसर्ग मंडळाच्या त्रैमासिकाला लेख देताना तिने संपादकांना, म्हणजे सख्ख्या मामालाच, बजावलं होतं, "जागा तेवढी छापू नकोस. चोरून नेणारे टपलेलेच असतात."

मामा हसला होता. "अगं, जागा न सांगता केलेलं संशोधन म्हणजे नुसत्या गप्पा. शास्त्र असं चालत नाही." अंकात लेखासोबत नकाशाही छापून आला.

पुढच्या बहराला ती ओढ्याकाठी गेली, तेव्हा तिथे फक्त कुदळीने उकरलेले खड्डे होते. ती चिखलाच्या पायांनी तशीच मंडळाच्या कचेरीत शिरली आणि अंक मामाच्या टेबलावर आपटला.

"कंदासकट उपटून नेली सगळी. तुझा नकाशा हातात धरून."

मामाचा चेहरा पडला. चष्मा काढून तो बराच वेळ पुसत राहिला. "एकही उरलं नाही? नीट बघितलंस?"

"मातीत हात घालून बघितलं."



"मग लगेच लिहायला घे," मामाने कोरा कागद पुढे सरकवला, "नामशेष झाल्याची पहिली नोंद आपल्याच अंकात यायला हवी."