रेंजबाहेरचे पाच दिवस

डॉक्टरांनी तृप्तीच्या वडिलांना, कारभारीअण्णांना, फार तर आठवडाच सांगितला होता. तरी आधी ठरलेल्या राफ्टिंगला तू जायचंच, असा हट्ट अण्णांनी अंथरुणातूनच धरला. त्यांचं मन राखायला म्हणून तृप्ती त्यांच्यासमोर बॅग भरत होती.

"सुके कपडे प्लास्टिकमध्ये बांधले का, बाई?"

"बांधले, अण्णा."

"अन् फोन?"

"नेऊन काय करू? तिथं नदीत पाच दिवस रेंजच नसते. म्हणून तर जात न्हाई म्हणते."

अण्णांचा चेहरा सैलावला.

"मंग बराबर हाय. तुझ्या आईला मसणात नेताना तुला धरायला चार बाया लागल्त्या. तू जाय. येईस्तोवर माझं समदं उरकलेलं असंल."