एब्बाचं ताट

"सॅमन नको?" गुनवोरनं बशी पुढे धरली.

"नको, आई. मी बटाटे घेते." एब्बानं हसून बशी नवऱ्याकडे सरकवली.

गुनवोर सुनेच्या ताटाकडे बघत राहिली. मीठ-साखरेत मुरवलेला कच्चा सॅमन नाही. मऊ चीज नाही. ग्लासात नुसतं पाणी. मिडसमरच्या सणाच्या जेवणाला लिसेशील गावात असं ताट कुणी वाढून घेत नाही.

किडन्या निकामी झाल्यापासून गुनवोरला लोकांची ताटं बघायची सवयच लागली होती. तिचे स्वतःचे बटाटे सोलून, भिजवून, दोनदा उकडावे लागत. केळं बंद, मीठ बंद, पाणीसुद्धा मोजून. पण कच्चा मासा, मऊ चीज आणि दारू एकदम सोडायला बाईला केव्हा सांगतात, हे कळायला आजारी असावं लागत नाही.

अडचण अशी होती की तिचा मुलगा नील्स नाताळपासून मालवाहू बोटीवर होता. कालच घरी आला होता. एब्बाचं पोट तर अजून सपाट. म्हणजे मूल नाताळच्या आधीचं नक्कीच नव्हे.

गेल्या महिन्यात शेजारच्या बिर्गिटनं एब्बाला गोथेनबर्गच्या मोठ्या हॉस्पिटलातून बाहेर पडताना पाहिलं होतं. गुनवोरनं सहज विचारलं, तर एब्बा म्हणाली, "दाढ दुखत होती." दाढेसाठी कुणी एवढ्या लांब जातं?

एब्बा स्ट्रॉबेरी धुवायला स्वयंपाकघरात गेली. मागोमाग गुनवोरही गेली आणि तिनं दार लोटलं.

"कितवा महिना?"

एब्बाचे हात नळाखालीच थांबले. "काय म्हणता?"

"मला खुळी समजू नकोस. दाढ दुखत होती म्हणे!"

"तसं काही नाहीये, आई."

"मग दवाखान्यात कशाला जातेस?"

एब्बानं नळ बंद केला. "सोमवार होऊन जाऊ दे. सगळं सांगते."

"सोमवारी मी ऑपरेशनच्या टेबलावर असेन!" गुनवोरचा आवाज चढला. कुणा परक्याची किडनी तिला मिळणार होती. देणाऱ्यानं नाव कळवू नका म्हटलंय, एवढंच डॉक्टर बोलले होते. "मी परत आलेच नाही, तर माझ्या पोराला कोण सांगणार? तू?"

"नील्सला माहीत आहे."

हे गुनवोरला अपेक्षित नव्हतं. पण बायको सांगेल त्यावर विश्वास ठेवणाराच होता तो, लहानपणापासून भोळा. ती तरातरा बाहेर बागेतल्या टेबलापाशी आली.

"नील्स, तुझी बायको हॉस्पिटलात का जाते, ते तुला खरं सांगितलंय का तिनं? की दाढेचंच?"

नील्सनं काटा खाली ठेवला. मान वर केली नाही.

"बोल ना! का लाज वाटते? माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून ही..." गुनवोरला धाप लागली. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

एब्बा दारात उभी होती, हातात स्ट्रॉबेरीचं भांडं.

"आता सांगूनच टाक," नील्स हळूच म्हणाला. "नाहीतर आईचं बीपी वाढेल आणि सगळंच राहून जाईल."

एब्बानं भांडं टेबलावर ठेवलं.

"पोट बिघडलं असतं तर तारीख पुढे गेली असती, म्हणून जपून खात होते. आणि किडनी माझी आहे हे कळलं असतं, तर तुम्ही नकोच म्हणाला असतात, आई. सोमवारी आधी मला आत नेणार आहेत, मग तुम्हाला."